क्ष कुठे ठेवायचा?

दोन माणसं आहेत. पहिल्याकडे ६ घोडे आहेत आणि गाठीला ३०० नाणी. दुसऱ्याकडे घोडे १०, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. सगळे घोडे सारख्याच किमतीचे. हिशेब मांडला तर दोघांची मालमत्ता तंतोतंत सारखी भरते. मग एक घोडा कितीचा?

आठवीच्या पुस्तकात सहज खपून जाईल असं हे शाब्दिक उदाहरण पावणेनऊशे वर्षांचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात एकवर्ण समीकरणाचं प्रकरण आहे, आणि त्याची उदाहरणं या घोड्यांपासून सुरू होतात. एकवर्ण म्हणजे ज्यात अज्ञात राशी एकच आहे असं. शाळेत आज आपण त्यालाच एका चलातलं समीकरण म्हणतो.

सोडवू या. घोड्याची किंमत क्ष मानू. पहिल्याची मालमत्ता ६क्ष + ३००. दुसऱ्याची १०क्ष − १००. दोन्ही सारख्या, म्हणून मध्ये बरोबरचं चिन्ह. आता दोघांकडूनही सहा-सहा घोडे काढून घ्या. बरोबरी मोडत नाही. पहिल्याकडे नुसती ३०० नाणी उरली, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर नाणी द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याकडे ४०० झाली. म्हणजे ४ घोडे ४०० नाण्यांचे. एक घोडा १०० चा, आणि प्रत्येकाची मालमत्ता ९००.

झालं? हो, झालं. पण एवढ्यात पुढच्या उदाहरणाकडे वळू नका. आत्ता जे घडलं ते विलक्षण आहे. घोड्याची किंमत आपल्याला ठाऊक नव्हती. तरी आपण तिची सहापट केली, दहापट केली, तिच्यातून कर्ज वजा केलं, तिला एका बाजूने उडवलं आणि दुसऱ्या बाजूला शिल्लक ठेवलं. जे माहीत नाही त्याच्याशी माहीत असल्यासारखं वागलो, आणि वागता वागता ते माहीत झालं!

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, क्ष हा तसा रुमाल आहे. माणूस अजून गाडीत चढलेला नाही. तो जाड की बारीक, म्हातारा की तरुण, कुणालाच ठाऊक नाही. पण ती जागा भरलेली आहे असं धरून शेजारचा सरकून बसतो, मागचा दुसरी जागा शोधतो. बाकी सगळे आपापल्या जागी नीट बसले, की रुमालावर कोण बसायचं राहिलं हे उघडच होतं.

पाटीवर किंवा पोथीत भास्कराचार्यांचं हे समीकरण कसं दिसायचं?

या ६ रू ३००
या १० रू १०० (या शेवटच्या संख्येवर एक टिंब)

‘या’ म्हणजे ‘यावत्तावत्’, जितकं असेल तितकं. ‘रू’ म्हणजे रूप, सुटी संख्या. टिंब म्हणजे ऋण, इथे तर अक्षरशः ऋणच. आणि बरोबरचं चिन्ह? नाहीच. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की त्या सारख्या, असा संकेत. आपल्या ओळखीच्या ‘=’ या चिन्हाला अजून चारशे वर्षं अवकाश होता. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गणितज्ञाने ते १५५७ साली पुस्तकात छापलं आणि कारणही दिलं: दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत.

या दोन ओळींच्या मांडणीत एक फार सुंदर सोय आहे. एखादा घटक एका ओळीत नसेल तर तिथे शून्य लिहायचं. त्यामुळे अज्ञाताखाली अज्ञात आणि सुट्या संख्येखाली सुटी संख्या येते. वजाबाकी सरळ उभी करायची. आणि अज्ञात राशी एकाहून जास्त असतील तर? तर त्यांना रंगांची नावं. कालक, नीलक, पीतक, लोहित. काळा, निळा, पिवळा, लाल. लिहिताना का, नी, पी, लो. युरोपात देकार्तने अज्ञातांसाठी वर्णमालेची शेवटची अक्षरं वापरायची पद्धत रूढ केली ती १६३७ मध्ये. त्याआधी पाच शतकं आपल्या सह्याद्रीच्या कुशीत समीकरणांचे रंग ठरलेले होते.

सह्याद्री म्हणतो तो उगाच नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या भवानीच्या देवळात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे सिंघण यादवांच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात ती उजेडात आणली. सिद्धांतशिरोमणी शिकवण्यासाठी काढलेली शाळा! मला तर तिथे बसलेली मुलं दिसतात, पाटीवर ‘या’ आणि ‘रू’ लिहिणारी, टिंब द्यायला विसरणारी.

घोड्यांच्या उदाहरणामागचा नियम भास्कराचार्यांहूनही बराच जुना आहे. आर्यभटांनी ४९९ च्या सुमारास तो एकाच श्लोकात बसवला होता: सुट्या रकमांमधल्या फरकाला वस्तूंच्या संख्येतल्या फरकाने भागा. ४०० भागिले ४. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम घालून दिले, तेव्हा कर्जदार माणसालाही या हिशेबात बिनधास्त बसता आलं.

मग क्ष नव्हता तेव्हा लोक काय करायचे? अंदाज बांधायचे. आणि तोही असा, की चुकणार हे आधीच ठाऊक असलेला! इजिप्तमधला आह्मोस नावाचा लेखनिक इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास पपायरसवर गणितं उतरवत होता. तो पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं एक गणित: एक रास आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर रास किती? आह्मोस ७ धरतो. का? तर सातवा भाग सहज निघावा म्हणून. ७ आणि १ मिळून ८ झाले. हवे होते १९. मग ८ चे १९ व्हायला जेवढ्या पटीने वाढवावं लागतं, तेवढ्याच पटीने ७ वाढवायचे. उत्तर १६ पूर्णांक ५/८. चुकीच्या उत्तराने बरोबर उत्तराचा रस्ता दाखवला.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’तल्याच ‘लीलावती’ या भागात हीच युक्ती इष्टकर्म या नावाने येते, आणि काय थाटात येते! भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग शिलींध्रीच्या फुलांवर, आणि या दोन भागांत जेवढा फरक त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडाकडे. एक भुंगा उरला. केतकी आणि मालती दोन्हींचा वास येतोय, कुणाकडे जावं ते त्याला कळेना, म्हणून हवेतच घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती? धरा ३०. पाचवा भाग ६, तिसरा १०, फरकाची तिप्पट १२. मिळून २८ गेले, उरले २. पण उरायला हवा होता १. म्हणजे आपला अंदाज दुप्पट झाला. थवा १५ चा.

आता हीच युक्ती घोड्यांवर चालवून पाहा. घोडा १० चा धरला तर पहिल्याची मालमत्ता ३६० आणि दुसऱ्याची शून्य. फरक ३६० चा. अंदाज दुप्पट केला, २० चा घोडा धरला, तर ४२० आणि १००. फरक ३२० चा. अंदाज दुप्पट झाला म्हणून फरक दुप्पट झाला नाही, उलट घटला. सरळ पटीचा हिशेब इथे कोलमडतो, कारण घोड्याची किंमत कितीही फुगवा, ती ३०० नाणी आणि ते १०० चं कर्ज आपल्या जागी गप्प बसलेले आहेत.

इथे क्ष आणि अंदाज यांच्यातला खरा फरक दिसतो. ३० धरून हिशेब केला की ६, १०, १२ या संख्या हाती येतात. त्या ६ मध्ये ‘मी थव्याचा पाचवा भाग आहे’ अशी काही खूण उरते का? नाही. संख्या आपला भूतकाळ विसरतात. क्ष/५ मात्र विसरत नाही. त्याच्यावर कितीही क्रिया करा, तो कुठून आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच आपल्याला त्याच वाटेने उलट चालत मुळापर्यंत जाता येतं. न सोडवताच ठेवलेली बेरीज, न केलेला भागाकार, यांनाच जपून ठेवायचं, आणि तेच पुढे कामाला येतं! ही कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली असेल, त्याची ती संध्याकाळ कशी गेली असेल?

पण समीकरण येतं कुठून? उदाहरणात तर ते कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे घोडे असतात, भुंगे असतात, वडील आणि मुलगा असतात. मुलं अडतात ती इथे. एकदा मांडून दिलं की सोडवणारे पुष्कळ, मांडणारे थोडे. माझ्या मते मांडणीचं सगळं मर्म एका प्रश्नात आहे: या गोष्टीत कोणती एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे? घोड्यांच्या उदाहरणात मालमत्ता दोनदा सांगितली. भुंग्यांच्या उदाहरणात थवा दोनदा सांगितला: एकदा अख्खा, एकदा तुकड्यातुकड्यांनी. समीकरणाची डावी बाजू आणि उजवी बाजू म्हणजे तीच राशी, दोन तोंडांनी बोललेली.

‘लीलावती’तला मोर आणि साप पाहा. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवरून साप बिळाकडे निघालेला मोराला दिसतो. मोर तिरकी झेप घेतो. दोघंही सारखंच अंतर कापतात आणि गाठ पडते. बिळापासून किती हातांवर?

यात वेग दिलेला नाही, वेळ दिलेला नाही. मग दोनदा काय सांगितलंय? अंतर. बिळापासून गाठीच्या जागेपर्यंत क्ष मानू. साप २७ − क्ष चालला. मोराची झेप म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण; त्याच्या बाजू ९ आणि क्ष. कर्णाचा वर्ग ८१ अधिक क्ष चा वर्ग. सापाच्या अंतराचा वर्ग ७२९ वजा ५४क्ष अधिक क्ष चा वर्ग. दोन्हीकडे क्ष चा वर्ग! पुढे सगळं अवघड होणार असं वाटत असतानाच ते दोन वर्ग एकमेकांना घेऊन नाहीसे होतात. उरतं ५४क्ष = ६४८. क्ष बरोबर १२. साप १५ हात चालला, मोर १५ हात उडाला. वर्गांचं गणित होतं, निघालं साध्या भागाकाराचं.

भाषा इथे एक सापळा लावते, आणि त्यात भलेभले पडतात. ‘एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात लिहायला अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं. जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास गणितशिक्षणात गाजलेला आहे. एक तृतीयांशाहून जास्त मुलांचं चुकलं, आणि चुकलेल्या बहुतेकांनी नेमकं उलट लिहिलं: ६वि = प्रा. का? कारण डोळ्यांसमोर चित्र येतं सहा विद्यार्थ्यांचं आणि त्यांच्यासमोर उभ्या एका प्राध्यापकाचं, आणि हात ते चित्रच उतरवतो. अक्षराचा अर्थ ‘विद्यार्थी’ असा घेतला जातो. तो असतो ‘विद्यार्थ्यांची संख्या’. क्ष कधीच घोडा नसतो. तो घोड्याची किंमत असतो, थव्यातल्या भुंग्यांची संख्या असतो, नेहमी संख्या. म्हणून ‘क्ष = घोडा’ असं वहीत लिहिणाऱ्या मुलाला मी तिथेच थांबवेन. आता हेच एका चलात करा. प्राध्यापक क्ष मानले, तर विद्यार्थी किती? ‘सहा क्ष’ हे तोंडातून आपोआप येतं. लहान संख्येला क्ष म्हटलं की मोठी तिच्यावरून बांधली जाते, आणि उलट लिहायला जागाच उरत नाही.

आता ज्या उदाहरणासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगतो. तेही ‘बीजगणित’मधलंच आहे. पहिला माणूस म्हणतो, “मित्रा, तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.” दुसरा म्हणतो, “तूच मला १० दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.” दोघांकडे किती किती आहे?

इथे आपण काय करू? दोन माणसं, दोन अज्ञात. एक क्ष, एक य. दोन समीकरणं मांडू, एकातून दुसरं वजा करू. बरोबर आहे, उत्तर येईल. भास्कराचार्यांकडेही दुसरी राशी लिहायला कालक होता, नीलक होता, रंगांची अख्खी पेटी होती. पण इथे त्यांनी ती उघडली नाही. हे उदाहरण त्यांनी एकवर्णाच्या प्रकरणात घातलं, आणि मांडलं असं: पहिल्याकडे २क्ष − १००, दुसऱ्याकडे क्ष + १००.

परत वाचा. कुठून आलं हे? पहिल्याला १०० द्या: २क्ष − १०० चे झाले २क्ष. दुसऱ्याचे १०० गेले: क्ष + १०० चे झाले क्ष. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट! क्ष कितीही असो, ७ असो की ७०,०००, पहिल्या माणसाचं म्हणणं खरंच ठरतं. एक अट पुरती मांडणीत जिरून गेली. तिच्यासाठी समीकरण लिहावंच लागलं नाही.

आता दुसऱ्याचं म्हणणं. त्याला १० मिळाले की क्ष + ११०. पहिल्याचे १० गेले की २क्ष − ११०. हे सहापट आहे, म्हणून क्ष + ११० = १२क्ष − ६६०. म्हणजे ११क्ष = ७७०, आणि क्ष = ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. ताळा करा: १०० दिले तर १४० आणि ७०, दुप्पट. १० घेतले तर १८० आणि ३०, सहापट.

पण हा क्ष आहे तरी काय? तो पहिल्याची संपत्ती नाही, दुसऱ्याचीही नाही. दुसऱ्याने १०० दिल्यावर त्याच्याकडे जे उरेल, ते क्ष. आणि ते १०० तर तो कधी देतच नाही! दोघं नुसते बोलताहेत, ‘दिलेस तर’. जी देवघेव झालीच नाही तिच्यानंतरच्या क्षणात भास्कराचार्यांनी आपली अज्ञात राशी नेऊन ठेवली, आणि तिथून मागे वळून आजच्या दोघांच्या थैल्या मोजल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. ‘विचारलं असेल त्यालाच क्ष माना’ हा शाळेतला नियम किती तोकडा आहे! क्ष कुठेही ठेवता येतो. कुठे ठेवायचा ते कुणी सांगत नाही, आणि गणिताची निम्मी करामत तिथेच आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात म्हटलंच आहे की बीजगणित या वर्णांमध्ये, अक्षरांमध्ये नसतं, ते बुद्धीत असतं. हे उदाहरण सोडवलेल्या माणसाला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

नाइलाजानेही माणूस ही कला शिकतो. अलेक्झांड्रियाचा डायोफँटस, बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. त्याच्याकडे अज्ञातासाठी चिन्ह एकच होतं. दुसरी अज्ञात राशी लिहायची सोयच नाही! त्यामुळे प्रश्न कितीही संख्यांचा असो, त्याला सगळं त्या एकात कोंबावं लागे. आपल्या ‘अरिथमेटिका’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात तो विचारतो: दोन संख्यांची बेरीज २० आणि गुणाकार ९६, तर संख्या कोणत्या? आपण लगेच क्ष आणि २० − क्ष म्हणू, आणि २०क्ष वजा क्ष चा वर्ग अशा गुंत्यात अडकू. डायोफँटस क्ष ला टोकावर ठेवतच नाही. दोन संख्यांची बेरीज २० म्हणजे मध्य १०. एक संख्या मध्याच्या जितकी वर, तितकीच दुसरी खाली. संख्या १० + क्ष आणि १० − क्ष. गुणाकार? १०० वजा क्ष चा वर्ग. तो ९६, म्हणून क्ष = २. संख्या १२ आणि ८. गुंता तयारच झाला नाही. मध्यापासून मोजायची ही चाल त्याच्याही दीड-दोन हजार वर्षं आधी बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दिसते. तिथे तर अक्षरंही नव्हती.

भास्कराचार्यांचा दुसरा एक भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, थव्याचे ८/९ भुंगेही निघून गेले, आणि उरली एक जोडी: एक भुंगा रात्री मिटलेल्या कमळात अडकून गुणगुणतोय आणि बाहेरून त्याची भुंगी त्याला ओ देतेय. थवा क्ष मानला तर वर्गमुळाचं चिन्ह मानगुटीवर बसतं. म्हणून थवा क्ष न मानता क्ष च्या वर्गाची दुप्पट माना. निम्मा थवा म्हणजे क्ष चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सरळ क्ष. नको असलेलं वर्गमूळ जन्मायच्या आत मिटलं. क्ष निघतो ६, थवा ७२ चा: मालतीकडे ६, ते ८/९ म्हणजे ६४, आणि ही जोडी.

आता एवढं सगळं केल्यावर समीकरण आपल्याला कधी कधी मागितल्यापेक्षा जास्त देतं. माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करा, तितकी माकडं रानात उड्या मारताहेत, आणि १२ टेकडीवर ओरडताहेत. किती माकडं? १६ असतील तर आठवा भाग २, वर्ग ४, आणि १२ मिळून १६. जमलं. ४८ असतील तर आठवा भाग ६, वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. तेही जमलं! गोष्ट एक, उत्तरं दोन, दोन्ही खरी. भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

पण त्यांचाच दुसरा एक कळप आहे. त्याच्या पाचव्या भागातून ३ वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा, तितकी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर चढलेलं दिसतंय. एकूण किती? समीकरण पुन्हा दोन उत्तरं देतं: ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचं १. छान. पाचाचा पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे उणे २. त्याचा वर्ग ४, आणि १ मिळून ५. आकड्यांत कुठेही चूक नाही. तरी भास्कराचार्य हे उत्तर नाकारतात. उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत, त्यामुळे हे घेऊ नये, असं ते सांगतात.

मग हे ५ आलं कुठून? समीकरणाने ते हवेतून काढलं का? गोष्ट जरा फिरवून सांगा: तीनमधून कळपाचा पाचवा भाग वजा करा आणि उरेल त्याचा वर्ग करा. आता पाच माकडांचा कळप बिनतक्रार बसतो: ३ वजा १ म्हणजे २, वर्ग ४, फांदीवर १, एकूण ५. आणि पन्नासाचा कळप बसत नाही. दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, पण वर्ग केला की त्यांच्यातला फरक पुसला जातो आणि दोघींचं समीकरण अक्षरशः एकच होतं. आपण एका कळपाबद्दल विचारलं, तर त्याने आपण न विचारलेल्या दुसऱ्या कळपाचंही उत्तर देऊन टाकलं.